पळीभर तेलाचा नेम

आषाढी एकादशी चार दिवसांवर आली आणि काटेवाडीच्या प्रयागबाईनं मनाशी पक्कं ठरवलं, की यंदाच्या चातुर्मासात आपण बसायचं. निवडायला नाही, सोलायला नाही, वळायला नाही. नुसतं बसायचं! हा विचार आला तेव्हा ती वांग्याच्या वाफ्यात खुरपत होती, आणि स्वतःच्या धाडसानं तिला इतकं भरून आलं, की तणाबरोबर वांग्याची दोन रोपंही तिनं उपटून टाकली.

तसं पाहिलं तर या घरात सून म्हणून आल्यापासून एकोणीस वर्षांत प्रयागबाई पुष्कळदा बसली होती. चुलीपुढं बसली, जात्याशी बसली, म्हशीखाली बसली. पण रिकाम्या हातानं बसलेली तिला कुणी पाहिली नव्हती. कधी चुकून भिंतीला पाठ टेकली, की कुठून तरी आवाज यायचाच. सासूबाई म्हणायच्या, "बसलीच हायस तर शेंगा फोड." नवरा म्हणायचा, "बसलीच हायस तर ह्या कासऱ्याला गाठ मार." शेजारची फुलाबाईसुद्धा कुंपणावरून डोकं पुढं करायची, "बसलीच हायस तर एवढी ऊ बघ." उभं असलं तर माणसाला एकच काम असायचं. बसलं की तीन!

तिच्या सासूबाई, बनाबाई, सांगत की कालवा यायच्या आधी असं नव्हतं. कालवा आला तेव्हा बनाबाई परकरातली पोर होती. त्याआधी सगळी जिराईत. सुगी आटोपली की जमीन पडून राहायची आणि माणसंही. बाया झाडाखाली नुसत्या टेकायच्या, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. मग बारमाही पाणी आलं, मळे झाले, आणि वर्षातला रिकामा महिना त्या पाण्याबरोबर कुठं वाहून गेला कुणास ठाऊक. ऊस झाला की कांदा, कांदा झाला की मिरची, मधल्या फटीत वांगी. बारामतीचा बाजारसुद्धा आठवड्यातून एक दिवस भरायचा आणि सहा दिवस विसावा घ्यायचा. काटेवाडीच्या मळ्यांना तेवढीही सवड नव्हती.

आता एवढ्या धबडग्यात बसायचं कसं? प्रयागबाईनं एकोणीस वर्षं डोळे उघडे ठेवून संसार केला होता. तिनं पाहिलं होतं, की या घरात आजारी माणसाला उठवतात, जेवत्या माणसाला हाक मारतात, पण नेमाला बसलेल्या माणसाच्या वाटेला कुणी जात नाही. बनाबाई रोज दुपारी डोक्यावरून घोंगडी घेऊन माळ ओढायला बसत. तेवढा वेळ दारात पाटकरी येऊन उभा राहिला तरी त्याला थांबावं लागायचं, आणि पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी सोडणारा माणूस. त्याला थांबवायची छाती गावात दुसऱ्या कुणाची नव्हती.

पण प्रयागबाई देवाला भिणारी होती. तुळशीला पाणी घातल्याशिवाय तिनं कधी तोंडात घोट घेतला नव्हता. खोटा नेम घेऊन झोपा काढणं तिच्यानं व्हायचं नाही. म्हणून तिनं चार दिवस विचार केला, आणि एकादशीला तुळशीपुढं हात जोडून मनातलं सगळं सांगितलं. देवा, तू आजपासून चार महिने झोपणार. तुझ्या झोपेची राखण करायला कुणी तरी शेजारी गप बसायला हवंच. ते मी करीन. रोज दुपारी पणतीत पळीभर तेल घालीन. ते जळेपर्यंत बोलणार नाही, हात हलवणार नाही, तुझं नाव घेत बसेन. तुळशीनं काही हरकत घेतली नाही.

बनाबाईंनी मात्र घेतली. "ह्यो कुठल्या देवाचा नेम म्हनायचा?"

"झोपलेल्या देवाचा, आत्याबाई."

बनाबाईंनी हातातली माळ खाली ठेवली. मग म्हणाल्या, "बस. पर घेतलास तर टाकायचा न्हाय."

रामहरी, म्हणजे प्रयागबाईचा नवरा, हसला. देव झोपला म्हणून आता घरातली माणसंही झोपवणार का, असं काहीसं तो बोलला. पण आईनं डोळे वटारले तसा कासरा खांद्यावर टाकून मळ्यात गेला.

पहिल्या दिवशी प्रयागबाई सोप्यात तुळशीकडं तोंड करून बसली. पणती लावली. हात गुडघ्यांवर ठेवले. आणि काय सांगावं, हातांनी बंडच केलं! एकोणीस वर्षांत त्यांना नुसतं राहण्याची सवय कुठली? उजवा हात लुगड्याच्या काठावरून असा फिरायला लागला, जणू डाळीतले खडे वेचतोय. डावा हात त्याला सूप धरून द्यायला निघाला. दोघांना तिनं मांड्यांखाली दाबून धरलं, तेव्हा पायाच्या अंगठ्यानं जमीन सारवायला सुरुवात केली. तेल संपलं तेव्हा ती दिवसभर कांदे काढल्यासारखी दमली होती.

चौथ्या दिवशी मात्र हात निवले. नाव घेता घेता श्वास लांब झाला. पणतीची ज्योत दोन झाली, मग एक, मग दिसेनाशी. प्रयागबाईला बसल्या बसल्या गाढ झोप लागली.

नेमकी त्याच वेळी फुलाबाई आली. तिच्या मुलीला, नकोशीला, इंदापूरचं स्थळ सांगून आलं होतं. लग्न व्हायचं ते तुळशीच्या लग्नानंतरच, पण होय की नाही हे कळवायचं होतं, आणि फुलाबाईचं काही ठरत नव्हतं. ती पायरीवर बसली आणि बनाबाईंना विचारू लागली, "मावशी, एवढ्या लांब पोर द्यावी का हो? तुमीच सांगा. द्यावी?"

बनाबाई काही म्हणायच्या आत प्रयागबाईची मान हळूहळू खाली आली आणि उजव्या खांद्यावर पडली.

फुलाबाईनं पदर तोंडाला लावला. गावात भैरोबाच्या देवळात कौल लावायची रीत होती. देवाच्या दोन्ही खांद्यांना एकेक फूल चिकटवायचं आणि मनातलं विचारायचं. उजवं फूल पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. इथं तर फुलाऐवजी अख्खी मान पडली होती!

"कौल दिला," फुलाबाई पुटपुटली आणि अंगणातूनच लोटांगण घालून गेली. प्रयागबाईला जाग आली तेव्हा तेल संपलं होतं, आणि तिला आठ दिवस नांगरून ठेवलेल्या जमिनीसारखं मोकळं वाटत होतं.

पुढं इंदापूरहून निरोप आला. मुलाच्या आईनं आपण होऊन नकोशीसाठी हिरवं लुगडं पाठवलं होतं. फुलाबाईनं ते लुगडं हातावर घेऊन सगळ्या गावाला दाखवलं, आणि प्रत्येक दारात प्रयागबाईची मान कशी पडली तेही करून दाखवलं.

मग गावातलाच सिद्धू आला. त्याला शेजारच्या कन्हेरी गावातला एक बैल घ्यायचा होता. प्रयागबाई झोपेत होती. मान डावीकडं गेली. सिद्धूनं बैल सोडून दिला, तो दुसऱ्याच कुणी घेतला, आणि आठवड्याच्या आत तो बैल भरल्या गाडीसकट ओढ्यात बसला तो काही केल्या उठेना. शेपूट पिळली, पुढं हिरवा चारा धरला, पण नाही! हे ऐकून गावानं प्रयागबाईला हात जोडले. प्रयागबाईनं मनातल्या मनात त्या बैलाला जोडले.

तिला आता कळलं होतं काय चाललंय ते. ती सांगायला गेली, की अहो, मी झोपते. लोक म्हणाले, किती हा नम्रपणा. सासूबाईंना सांगायला गेली, तर बनाबाई घोंगडी डोक्यावर घेऊन माळ ओढत बसल्या होत्या.

श्रावण लागला तशी माणसं वाढली. कन्हेरीहून आली, कोऱ्हाळ्याहून बैलगाडी जुंपून आली. कुणाला विहीर कुठं खणावी हे हवं होतं, कुणाला रुसलेली सून परत येईल का हे. उजवी बाजू बाईची धरायची की बघणाऱ्याची, यावरून दोन पाहुण्यांचं अंगणातच जुंपलं. शेवटी भैरोबाच्या गुरवाला बोलावून आणलं तेव्हा त्यानं निवाडा दिला, की देवाची ती उजवी. म्हणजे बाईचीच.

आता माणसं आली म्हणजे त्यांना गूळपाणी आलं. अंगण सारवणं आलं. लांबून आलेल्यांना भाकरी आली, भाकरीला दळण आलं. दुपारची एक पळीभर तेलाची उसंत मिळावी म्हणून प्रयागबाई आता चार घटका आधी उठायला लागली. सकाळी दोन पायल्यांच्या जागी चार दळायची, आडाच्या खेपा दुप्पट, आणि वांग्याच्या वाफ्यातलं तण कमरेला लागलं. एवढं करून दुपारी बसावं, तर झोप घ्यायची सोय उरली नव्हती! आपल्या मानेवर कुणाची विहीर, कुणाची सून लटकली आहे म्हटल्यावर मान सैल सोडायची कशी? ती मोगरीसारखी ताठ बसून राही. मग मान पडत नाही म्हणून लोक हलत नसत. आणि तेल संपत आलं की मागून कुणी तरी हळूच हात पुढं करून पणतीत आपल्या घरची पळी ओतत असे.

एका दुपारी तर सात जणांनी सात पळ्या ओतल्या. गुरं घरी आली, म्हैस दारात हंबरून गेली, तरी पणती तेवतच होती आणि प्रयागबाई बसलेलीच होती. सगळ्या आयुष्यात तिला एवढं बसायला मिळालं नव्हतं, आणि एवढी ती कधी दमली नव्हती.

एकट्या साखरबाईला सगळं दिसत होतं. साखरबाई गावाबाहेरच्या धनगरवाड्यातली. रामहरीच्या पडीक तुकड्यात खतासाठी तिची मेंढरं बसवली होती. ती कधी मधी ताक न्यायला यायची. तिनं गर्दीतून वाकून पाहिलं आणि म्हणाली, "ह्या बाईला झोप हवीय. आमचं मेंढरू निजाय आलं की असंच डोळं करतं." लोकांनी तिला गप्प केलं. देवाचं काम चाललंय, मेंढरं कसली मधे आणतेस!

आणि मग ज्याची प्रयागबाईला स्वप्नातही धास्ती नव्हती ते झालं. रामहरी आला.

तो नेमाला हसणारा रामहरी, भर दुपारी आंघोळ करून, धुतलेला फेटा बांधून, हातात नारळ घेऊन लोकांच्या रांगेत येऊन बसला. मागं महिपती उभा होता. महिपतीचा कालव्याच्या कडेचा दोन एकराचा मळा होता, आणि तो आता इंदापूरला भावाकडं राहायला निघाला होता. मळा कुणी तरी कसायला घ्यावा, अशी त्याची इच्छा होती. रामहरीच्या मनात तिथं ऊस घालायचं होतं. महिना झाला दोघांचं बोलणं चाललं होतं, हे प्रयागबाईला माहीत होतं. पण रामहरी विचारायला आपल्याकडंच येईल, हे माहीत नव्हतं.

रामहरीनं नारळ ठेवला. बायकोपुढं हात जोडायची त्याची पहिलीच वेळ, त्यामुळं ते कुठवर वर न्यावेत हे त्याला कळेना. घसा खाकरून तो म्हणाला, "महिपतरावाचा मळा घ्यावा का? ऊस घालीन म्हनतो."

पणतीची ज्योत सरळ उभी होती. प्रयागबाई टक्क जागी होती.

दोन एकर ऊस! तिच्या डोळ्यांपुढं तो सगळा उभा राहिला. लागण, खुरपणी, भर लावणं, तोडणी, गुऱ्हाळावरची माणसं आणि त्यांच्या भाकरी. त्या उसात एकदा शिरलो की आपण पुन्हा कधी टेकणार नाही, हे तिला हातावरच्या रेषेसारखं स्पष्ट दिसलं. आणि ते चुकवायला काय लागत होतं? मान दोन बोटं डावीकडं. बस. डोळे मिटायचे आणि दोन बोटं डावीकडं. इतके दिवस झोपेत पडलेली मान गावानं देवाची मानली, मग आज जागेपणी पडलेली कुणाला ओळखू येणार होती?

मान कलायला लागलीसुद्धा. केसभर गेली. फुलाबाईनं श्वास रोखला.

पण समोर तुळस होती. पणती होती. झोपलेल्या देवाच्या नावानं आजवर प्रयागबाईनं झोप काढली असेल, पण खोटं काही केलं नव्हतं. केसभर गेलेली मान तिथंच थरथरायला लागली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"मला इचारू नका," ती म्हणाली. महिन्याभरात त्या जागी तिनं तोंड उघडलं ते पहिल्यांदा. "देव झोपलाय. आन मीबी झोपतच व्हते. मला कुनी सांगत न्हाय न् मला काय दिसत न्हाय. मला निस्तं बसायचं व्हतं."

कुंपणापाशी ताकाचं गाडगं घेऊन उभी असलेली साखरबाई समाधानानं मान हलवत होती.

"मग माझ्या नकोशीचं कसं?" फुलाबाईनं विचारलं.

"ते तुमच्या मनातच व्हतं, वैनी. माझ्या मानेला का लावता?"

सिद्धूनं बैलाचं विचारायला तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं. रामहरी मात्र तसाच हात जोडलेला बसून होता. ते सोडायचं त्याच्या ध्यानात आलं नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "बसायचं व्हतं तर मला सांगायचं."

"सांगितलं आस्तं तर तुमी म्हनला आस्ता, बसलीच हायस तर..."

पुढचं तिनं बोलायची गरज पडली नाही. अंगणातल्या सगळ्या बायांनी आपापल्या पदराकडं पाहिलं आणि सगळ्या पुरुषांनी आपापल्या पायताणाकडं. रामहरीनं मागं वळून महिपतीला सांगितलं, की आमच्या घरात एवढे हात नाहीत. महिपती म्हणाला, मग निदान एक एकर? यावर रामहरीनं नकळत बायकोच्या मानेकडं पाहिलं, आणि चटकन नजर काढून घेतली.

तेवढ्यात सोप्यातून घोंगडीखालून आवाज आला. "आयकलं न्हवं समद्यांनी? देव झोपलाय. झोपलेल्याला कोन कौल लावतं का? कार्तिकीला उठंल तवा गुरवाकडं जावा. आन जाताना आपापली नारळं न्या." बनाबाईंनी घोंगडीतून तोंडही बाहेर काढलं नाही. अंगण रिकामं झालं.

प्रयागबाई सासूपुढं जाऊन खाली मान घालून उभी राहिली. नेम मोडला होता. बोलायचं नाही तर बोलली होती, आणि एवढ्या लोकांत स्वतःच्या तोंडानं झोपेची कबुली दिली होती.

बनाबाईंनी घोंगडी बाजूला केली. त्यांचे डोळे लाल होते आणि गालावर माळेच्या मण्यांचे पाच-सहा ठसे उमटले होते. तेच ठसे प्रयागबाई एकोणीस वर्षं पाहत आली होती. आज ते तिला पहिल्यांदा दिसले.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तुमीबी?"

"तीस वर्सं," बनाबाई म्हणाल्या. "नाव घेता घेता डोळा लागला तर देव काय रागवत न्हाय. लेकरू आयच्या मांडीवर झोपलं तर आय रागवती का? तुझं चुकलं ते दुसरंच. तोंड उघडं ठिवून बसलीस. घोंगडी घ्यायची."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी सोप्यात दोघी बसू लागल्या. मधे एकच पणती, एकच मोठी घोंगडी. तेल बनाबाई स्वतःच्या हातानं घालत, आणि त्यांची पळी अंमळ मोठी होती. रामहरीनं घरात ताकीद दिली होती, की तेल संपेपर्यंत त्या बाजूला कुणी फिरकायचं नाही. मळ्यात त्यानं आपल्या हातानं वांग्याचं तण काढायला घेतलं. रोपंही बरीच काढली, पण त्याला कुणी काही बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो मळ्यातून घरी आला. कंबर धरली होती, घसा सुकला होता. सोप्याच्या पायरीशी तो घुटमळला. ताकीद आपणच दिलेली. एकदा परत फिरला, पुन्हा आला, आणि कुणालाच उद्देशून नाही अशा रीतीनं तुळशीकडं बघत म्हणाला, "वाईच गुळाचा च्या मिळंल का?"

प्रयागबाई जागी झाली, पण ती हलली नाही. पणतीत तेल अजून निम्मं होतं. घोंगडी ऊबदार होती. तिनं ठरवलं, आपण ऐकलंच नाही.

तेवढ्यात शेजारी बनाबाईंचा घोरण्याचा सूर लागला. घोंगडी खांद्यावर घसरली, म्हातारीची मान हळूहळू खाली आली आणि उजवीकडं पडली.

रामहरीनं मानेकडं पाहिलं. प्रयागबाईनं मानेकडं पाहिलं. मग दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"मी काय बोललो न्हाय," रामहरी म्हणाला.

प्रयागबाई मुकाट उठली आणि चुलीपाशी गेली. चहाचं आधण ठेवता ठेवता तिनं ठरवून टाकलं, उद्यापासून सासूबाईंना उजव्या हाताच्या भिंतीला अगदी चिकटून बसवायचं, म्हणजे मान कलायला एक डावीच बाजू शिल्लक राहील!